नवरात्रात रात्री घरी फक्त आजी आणि नातू : चोर शिरलाच तर काय तयारी हवी?

वाडेकरीण
वडोदऱ्यात दांडिया बाजारात जुनं दुमजली घर. पुढचं दार सागवानी, दोन फळ्यांचं, बाहेरून कडी-कोयंडा. नवरात्रात आम्ही तिघं गरब्याला, घरी सासूबाई (७४) आणि धाकटा (९). दिवाळीत आठवडाभर घर बंदच असतं. जो तो ‘कॅमेरे लावा’ म्हणतो. मला दोन गोष्टी कळायला हव्यात. पैसा आधी कुठे घालावा? आणि कोणी आत आलंच तर त्या दोघांनी काय करायचं, हे त्यांना न घाबरवता कसं शिकवावं?

लाकूडकाम
ताई, कॅमेऱ्याच्या आधी कोयंडा. कुलूप दणकट असलं तरी पहार घातली की कोयंडाच उपटून येतो, कारण तो एक इंची स्क्रूंवर बसवलेला असतो आणि जुन्या लाकडातली ती भोकं सैल झालेली असतात. स्क्रू काढून ८ मिमीचे आरपार बोल्ट घाला. बाहेर फक्त गोल गुळगुळीत डोकं, आतून रुंद वॉशर आणि नट. चौकटीत अडीच-तीन इंची स्क्रू चालतील, पण आधी बारीक ड्रिल मारायला सांगा, नाहीतर जुनं सागवान चिरतं.

दोन फळ्यांच्या दाराचं खरं दुखणं मात्र मध्यावर असतं. एक फळी वरच्या-खालच्या सरकत्या बोल्टवर (खिट्टीवर) उभी असते. खालचं भोक धूळ-मातीने भरतं, पावसाळ्यात लाकूड फुगलं की बोल्ट नीट समोर येत नाही, मग कोणी तो पूर्ण सरकवतच नाही. दार बंद करून मध्यावर खांद्याने रेटून बघा. दोन्ही फळ्या एकदम आत झुकल्या तर महागडं कुलूप लावून काही उपयोग नाही. बोल्ट किमान एक इंच आत गेला पाहिजे.

आतून अडसर घाला. जुन्या वाड्यांत भिंतीत अडसराचं भोक असतं, बुजवलं असेल तर उकरून काढा. नसेल तर ६ मिमी पट्टीचे दोन लोखंडी हूक चौकटीला बोल्टने, त्यात सागवानी दांडा. मात्र तो आजींना एकटीने उचलता आला पाहिजे. आग लागली तर त्याच दारातून बाहेर पडायचं आहे. खिडकीच्या गजांतलं अंतर चार इंचांच्या आत ठेवा.

ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी उभं होतं, त्यांनी चौकटीचा खालचा फूटभर भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावा. टोक सहज रुतलं तर बोल्ट घालून काही होणार नाही, आधी चौकट बदला.

वायरमन
बऱ्याच जुन्या घरांत मीटर आणि मेन स्विच ओट्यावर, हात पोचेल असे. मेन ओढला की दिवे, राउटर, कॅमेरे सगळं एकदम बंद. मेनला कुलूप घालू नका, आगीत तो बंद करता यायला हवा. त्यापेक्षा राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा खोका) आणि कॅमेऱ्यांची वीज ६०० व्हीएच्या यूपीएसवर, म्हणजे बॅटरी बॅकअपवर टाका. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला तर चोर तोच उचलून नेतो. वरच्या मजल्यावर, हवा लागेल अशा कपाटात ठेवा.

तुमच्या घरासाठी मी मात्र सगळ्यात आधी वायरलेस बेल घेईन. बटण आजींच्या उशाशी, बेल शेजारच्या घरात. खोक्यावरच्या रेंजवर विसंबू नका, जुन्या जाड भिंतींत सिग्नल मरतो. दारं बंद करून दाबून बघा, आणि बटणातला सेल दर नवरात्राला बदला.

जुना_फौजदार
आजींची खोली हीच आसऱ्याची खोली. तिला आतून वर-खाली बोल्ट, उशाशी टॉर्च, चार्ज केलेला फोन, पाणी, आजींची औषधं आणि पुढच्या दाराची जादा चावी. आवाज आला की दोघांनी आत जाऊन बोल्ट लावायचे, बेल दाबायची, ११२ लावायचा. पहिलं वाक्य पत्त्याचं : गल्ली, घर, जवळची खूण. मग ‘घरात चोर आहे, आम्ही वरच्या खोलीत आहोत.’ पत्ता ठळक अक्षरांत भिंतीवर चिकटवा. घाबरल्यावर स्वतःचं घरही सांगता येत नाही. पोलिस आले की चावी खिडकीतून खाली टाकायची.

मुलाला चोर-चोर म्हणून शिकवू नका. एक साधा शब्द ठरवा, ‘पाटपाणी’ म्हटलं की सगळं सोडून आजीच्या खोलीत. दर महिन्याला एकदा, दिवे घालवून. एका मिनिटात बोल्ट लागला की झालं.

गल्लीतला
आजींजवळ काठी आणि मिरचीपूड ठेवली तर?

जुना_फौजदार
नको. बंद खोलीत पूड उडवली तर ती आजींच्याच डोळ्यांत जाते, आणि काठी हातातून हिसकली जाते. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये बचावाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला त्यात मुभा नाही. चोराची पळायची वाट अडवू नका. सामान जाऊ द्या.

परत आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका, कपाटाला हात लावू नका. बाहेरूनच ११२. दागिन्यांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून आजच काढा. सोन्याच्या नव्या दागिन्यांवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी नंबर (एचयूआयडी) असतो, तो लिहून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

एक राहिलं. चोर कधीकधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मगच कामाला लागतात, म्हणजे हाक मारली तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. तुम्ही ज्यांच्याकडे बेल लावाल, त्यांच्या दाराची बाहेरची कडी काढून टाकायला सांगा.

वाडेकरीण
आत्ताच रेटून बघितलं. दोन्ही फळ्या झुकतात. खालचा बोल्ट जेमतेम नखभर आत जातो, आणि उंबरठा दगडी आहे.

लाकूडकाम
हॅमर ड्रिलने दीड इंच खोल भोक. बोल्ट सहज जाईल असा लोखंडी नळीचा तुकडा घ्या, बिट त्या नळीपेक्षा थोडा जाड, आणि नळी आत सिमेंटने बसवा, म्हणजे कड तुटणार नाही. ड्रिल हळू चालवा, दगडाचा कपचा उडतो. सिमेंट चोवीस तास सुकू द्या. ती रात्र अडसरावर काढा.