मदत हवी आहे: आमच्या देशी कुत्रीला पुण्याहून बर्लिनला न्यावं का?

चिंगीची_ताई:

नमस्कार मंडळी, नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी लागली, तो पुढे गेलाय, मी आणि चिंगी अजून कोथरूडलाच आई-बाबांकडे आहोत. चिंगी देशी आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, आता ७ वर्षांची, वजन १८ किलो, म्हणजे केबिनमध्ये घेत नाहीत, पिंजऱ्यातून विमानाच्या पोटातच जावं लागणार.

कागदपत्रांचं जे कळलंय ते लिहिते, काही चुकत असेल तर प्लीज सांगा. आधी १५ आकडी मायक्रोचिप, चिपनंतरच रेबीजची लस (आधीची धरत नाहीत), लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपियन युनियनची मान्यता असलेल्या लॅबमध्ये टायटर टेस्ट (लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आलीय का ते बघणारी), आकडा ०.५ आययू/मिली किंवा वर हवा, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. ज्या देशांना यातून सूट आहे त्यांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे आम्हाला हे थांबणं चुकत नाही. मग सरकारी डॉक्टरांचं सर्टिफिकेट, ते मिळाल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायचं, शिवाय मुंबईची क्वारंटाईन खात्याची एनओसी. चिप, लस झाली, रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

पण खरा प्रश्न कागदांचा नाहीच. चिंगी आजवर घरात एकटी अशी कधी राहिलेलीच नाही हो. सकाळी बाबांबरोबर वेताळ टेकडी, तिथे मोर ओरडला की कान टवकारून उभी, खेचलं तरी हलत नाही, मग दुपारभर स्वयंपाकघरात आईच्या पायाशी, संध्याकाळी वॉचमनकाकांनी डबा उघडला की गेटवर हजर. बर्लिनला तिसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट आहे, नवरा ऑफिसला, मलाही काही महिन्यांत काम सुरू करायचंय, मग ही दिवसभर काय करणार? जर्मनीत नियमच आहे म्हणे की कुत्र्याला बाहेर पुरेसं फिरवायचं, ते आम्ही आनंदाने करू, पण उरलेल्या वेळाचं काय?

दुसरं म्हणजे फटाके. दिवाळीत ती बाथरूममध्ये बादलीच्या मागे जाऊन बसते, थरथरत असते, पाणीसुद्धा पीत नाही. ३१ डिसेंबरला बर्लिनमध्ये गल्लोगल्ली फटाके वाजतात असं नवरा सांगतोय.

पिंजऱ्याची सवय लावतेय. पुढचे दोन पाय आत टाकते, मागचे बाहेरच, पोळीचा तुकडा उचलते आणि तशीच मागे सरकते. दार लावायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आई-बाबा म्हणतात ठेव इथेच, आम्ही बघू. पण आईचे गुडघे दुखतात आणि बाबा ७४ चे आहेत. आणि खरं सांगू, तिला सोडून जायचं या विचारानेच मला रडू येतं. ज्यांनी देशी कुत्रं असं परदेशात नेलंय त्यांचा अनुभव हवाय, रुळलं का, किती वेळ लागला?

बर्लिनचा_पाहुणा:

ताई, आणा तिला. आम्ही नाशिकहून देशीच आणला होता. पहिले काही आठवडे जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी भुंकायचा, मग शांत झाला. एकटं राहायची सवय मात्र पुण्यातच सुरू करा, आधी पाच मिनिटं, मग दहा, जाताना-येताना लाड अजिबात नाही. इथे कुत्र्यांची पाळणाघरं असतात, त्यांना हूटा म्हणतात, आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथे ठेवता येतं.

घरमालकाची परवानगी लेखी घ्या. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचा कर वर्षाला १२० युरो, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि कुत्र्याचा लायबिलिटी विमाही सक्तीचा आहे. मेट्रो-बसमध्ये तोंडाला जाळी लागते, त्याची सवय आत्तापासून लावा, जाळीत चिकन ठेवून स्वतःहून तोंड घालू द्या. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, देशी कुत्र्यांचे केस आखूड, त्यामुळे जॅकेट हवंच. बर्फ पडला की फुटपाथवर बारीक खडी टाकतात, ती पंजात अडकते, घरी आल्यावर बोटांच्या मधे बघत जा. ग्रुनेवाल्डच्या जंगलात कुत्र्यांना मोकळं सोडायचा मोठा भाग आहे, टेकडीवाल्या कुत्रीला तो नक्की आवडेल. ३१ तारखेला आम्ही सरळ शहराबाहेर जातो.

कर्वेनगरकर:

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. सात वर्षं तिची टेकडी, तिची माणसं इथे आहेत. आई-बाबांसाठी सकाळी फिरवायला पगारी मुलगा ठेवला तर जमेल की. विमानात गुंगीचं औषध देता येत नाही, एअरलाईन घेतच नाहीत तशा कुत्र्याला, तेव्हा पिंजऱ्यात ती शांत बसत नसेल तर तिकीट काढूच नका.

चिंगीची_ताई:

दोघांचे मनापासून आभार. कर्वेनगरकर, राग कसला, पिंजऱ्याचं तुमचं अगदी पटलं. तीन महिने थांबायचंच आहे, तेवढ्यात दार लावून रात्रभर शांत झोपायला लागली तरच तिकीट काढेन, नाहीतर मी पुढे जाईन आणि ती इथे राहील, आणि फिरवायला मुलगा आजपासूनच शोधतेय, दोन्ही बाबतीत लागेलच. बर्लिनचा_पाहुणा, हूटामध्ये घ्यायच्या आधी चाचणीचा दिवस असतो का? आणि तोंडाची जाळी कापडी चालते की पिंजऱ्यासारखीच हवी? तिला धाप लागते, जीभ बाहेर काढता आली पाहिजे. पुण्यात १८ किलोच्या देशी कुत्रीच्या मापाची कुठे मिळते ते कुणाला माहीत असेल तर तेही सांगा, मला फक्त लॅब्रेडॉरच्या मापाच्या दिसल्या, तिचं तोंड निमुळतं आहे.