परका किडा आला म्हणजे वाटोळंच झालं का?

मांडवीकाठचा
मुरगाव बंदराचा विषय निघाला की जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला भरलेल्या समुद्राच्या पाण्यातून) येणाऱ्या परक्या जीवांना सरसकट शिव्या घालायची आपल्याकडे रीत आहे. मी जरा उलट बोलतो.

बाल्टिक समुद्रात १९८५ च्या सुमारास मारेन्झेलेरिया नावाचा किडा सापडला. बाहेरून आलेला, पण बघता बघता तळाच्या गाळात पसरला. तिथले मूळ जीव वरवर उकरतात, हा ३० सेंटिमीटरहून खोल बीळ पाडतो आणि वरचं पाणी आत खेळवतो. बाल्टिकचं जुनं दुखणं म्हणजे फॉस्फरस. शेतांतून, सांडपाण्यातून आलेला गाळात साठलाय. ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडाची फॉस्फरसवरची पकड सुटते, तो फॉस्फेटच्या रूपात पाण्यात येतो, उन्हाळ्यात शेवाळ माजतं, ते मरून तळाला बसतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं. किड्याच्या बिळांतून ऑक्सिजन आत गेला की लोखंडाचा गंज तयार होतो आणि तो फॉस्फेट धरून ठेवतो. २०१२ मध्ये संशोधकांनी संगणकी प्रारूपावरून मांडलं, की हा पाहुणा तिथली ऑक्सिजनची टंचाई कमी करू शकेल.

मुद्दा एवढाच, की किडा कुठला ते नंतर विचारा. तो गाळात काय करतो ते आधी बघा.

चिखलीवाला
असहमत. बाल्टिक जवळजवळ बंदिस्त, मचूळ आणि थंड. आपल्याकडे पावसाळ्यात खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या कांदोळीसमोर तळाशी ऑक्सिजन संपतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. बिळात खेळवायचं पाणीच तसलं, तर किडा काय करणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! वर सल्फाइड लोखंडाला गाठतं, मग फॉस्फेट धरायला उरतं काय?

मांडवीकाठचा
ते बाहेरच्या समुद्राचं झालं. मी नदीमुखांबद्दल बोलतोय. आणि लोखंडाचं म्हणाल तर लोहखनिजाच्या बार्जींनी मांडवी-जुवारी नद्यांत ते कमी का सांडलंय?

चिखलीवाला
बाब, खनिजाची पूड आणि ताजा गंज एक नव्हे. पुडीतलं लोखंड स्फटिकात घट्ट बसलेलं. फॉस्फेट पटकन धरतो तो बिळाच्या भिंतीवर नुकता धरलेला, भुसभुशीत, नारिंगी गंज. ओहोटीला चिखलात फावडं मारून बघा: वर बोटभर तपकिरी साय, खाली काळाकुट्ट थर, आणि त्या काळ्यात जिवंत बिळांभोवती तेवढी नारिंगी नळी दिसते. सगळा खेळ तेवढ्याच पट्ट्यात.

सल्फाइड_सुंदरी
दोघेही फॉस्फरसला धरून बसलात. नायट्रोजनचं काय? मारेन्झेलेरिया असलेल्या गाळातून अमोनियम, म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप, जास्त बाहेर पडतं असं प्रयोगांत दिसलंय, म्हणजे शेवाळाला आयतं खत. बिळं झाली की नायट्रोजन वायू होऊन निघून जाईलच याची हमी नाही. आपल्या किनाऱ्यावर तर तो वायू होण्याची वाटही अडखळते. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वींनी सहकाऱ्यांसह २००० सालीच दाखवलं, की इथल्या ऑक्सिजनहीन पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो, आणि तो हरितगृह वायू. अशा ठिकाणी फॉस्फरस सावरला म्हणून पेढे वाटायचे?

शिवाय डेन्मार्कच्या खाडीतला मारेन्झेलेरियाचाच भाऊबंद मधूनच उलटा पंप मारून गाळातलं बिनऑक्सिजनचं पाणी वर सोडतो. तिथे सल्फाइड वाढलेलं आढळलं. एकाच जातकुळीचा किडा, दोन समुद्रांत दोन तऱ्हा.

गरीवाला
एवढं सगळं कळलं. किडे आम्ही गरीला लावतो, त्यांच्याशी वैर नाही. तिसऱ्यांचं, आमच्या खायच्या शिंपल्यांचं, काय होणार ते सांगा.

सल्फाइड_सुंदरी
तिसऱ्यांसाठी मला वेगळीच भीती वाटते. खोल बीळ म्हणजे खोल पुरलेलं वर. ह्याच किड्याने गाळातली जुनी प्रदूषकं पाण्यात आणल्याचे प्रयोग आहेत. जहाजांच्या जुन्या रंगातल्या टीबीटी या विषारी रसायनावर २००८ पासून जगभर बंदी आहे, पण गोद्यांजवळच्या गाळातलं कुठे जाणार? आणि तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात.

मांडवीकाठचा
हा धोका मान्य. पण तो उकरणाऱ्या प्रत्येक जिवाला लागू आहे, गावच्या खेकड्यालाही. फक्त परक्याच्याच माथी का? बॅलास्टच्या पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू झालाय, तो कडक पाळाच. माझं भांडण आल्यावर काय करायचं याच्याशी आहे. विष ओतून मारायला निघालात तर गाळातलं बाकी सगळंही मरेल.

चिखलीवाला
विष कोण ओततंय? आणि खेकडा इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच्या बिळांसकट हा गाळ बसलाय. मारेन्झेलेरियाच्या कुळातलाच पॅराप्रायोनोस्पिओ आपल्या तळाशी आधीपासून आहे, कमी ऑक्सिजन सोसणारा. परका आला तर जागेसाठी पहिली झटापट त्याच्याशी. तेव्हा आधी ह्याचा हिशेब मांडा: गाळाच्या दोन नळ्या, एकीत किडे, एकीत नाहीत, वरच्या पाण्यातलं फॉस्फेट आणि अमोनियम मोजायचं. एकदा मेमध्ये, एकदा ऑक्टोबरात. मग सांगा बाल्टिकच्या गोष्टी.