बारोलोच्या रंगावर जाऊ नका
रंग फिका म्हणजे बारोलो ही इटलीतली रेड वाईन हलकीच असणार, असं कुणी म्हणेल. अजिबात नाही! नेब्बिओलो द्राक्षाची वाईन दिसायलाच फिकट, विटकरीकडे झुकणारी. पण टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरटपणा) असं की पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात. मग हळूहळू गुलाबाचा आणि डांबराचा वास सुटतो. (हो, डांबरच, आणि हवाहवासा वाटतो.) या द्राक्षाच्या वेलीला पालवी फुटते लवकर, फळ पिकतं मात्र थेट ऑक्टोबरात, म्हणून इटलीच्या पिएमॉन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांचे दक्षिणेकडचे, उन्हातले उतार त्याला मानवतात. ला मोर्रा गावची बारोलो त्यातल्या त्यात मऊ, सेर्रालुंगा गावची कणखर. नियमाने बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. एवढा दम नसेल तर शेजारच्या भागातली बार्बारेस्को वाईन घ्या, तिला २६ महिने पुरतात. आणि नुसती पिऊ नका, सोबत मटण हवंच.