मदत हवी आहे: बाबांचा एक्स-रे, तीन डॉक्टर, तीन निदानं

वणीकडचा: बाबांचा छातीचा एक्स-रे तिघांना दाखवला. पहिले म्हणाले टीबीचे डाग, दुसरे म्हणाले काहीच नाही, तिसऱ्यांनी '१/०' लिहून सिलिकोसिस (दगडातल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) सांगितला. मालक दुसऱ्यांचाच कागद धरून बसलाय. खरं कोणाचं? फोटो टाकलाय. लवकर सांगा, माणूस विहिरीवरून एक बादली आणतो अन् ओट्यावर बसून राहतो.

गिट्टीखदान: बाबा काम काय करतात? किती वर्षं? तिघांनी एकच फिल्म पाहिली का?

अडुळसा: माझ्या मामांना असंच होतं. अडुळशाचा काढा द्या, गूळ घालून, दोन महिने.

फिल्मवाचक: फोटोत खिडकीच्या सळ्याच ठळक आहेत, यावरून कोणी काही सांगू नये. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) एक्स-रे वाचायच्या पद्धतीत बारीक ठिपक्यांची दाटी ० ते ३ मोजतात, पोटपायऱ्या धरून १२. '१/०' म्हणजे वाचणाऱ्यानं १ ठरवलं, पण ० चाही गंभीर विचार केला. '०/१' म्हणजे उलटं. नेमकी याच उंबरठ्यावर मतं फाटतात. तोच डॉक्टर महिन्यानं वेगळं वाचू शकतो. फिल्म पांढुरकी निघाली तर ठिपके जास्त भासतात, काळी पडली तर दडतात. म्हणून तुलनेसाठीची प्रमाण फिल्म शेजारी ठेवून, एकमेकांचं न बघता दोघा-तिघांनी वाचायची असते.

चांदेकर: एवढा खल कशाले? सीटी करा, सारं दिसते.

फिल्मवाचक: सीटीत बारीकसारीक दिसतं, मान्य. पण ही पायऱ्यांची मोजणी एक्स-रेचीच आहे. बेडका तपासला का? सिलिकाच्या धुळीनं टीबीचा धोका वाढतो, दोन्ही एकत्र असू शकतात.

शेतकरी_मित्र: संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमध्ये मिळते.

गिट्टीखदान: भाऊ, ते नाही विचारलं त्यानं. वणीकडचा, काम सांगा आधी!

वणीकडचा: गिट्टीच्या क्रेशरवर ११ वर्षं, ४ वर्षांपूर्वी सोडलं. बनियन झटकली की दगडाचं पीठ उडायचं. पहिल्यांनी पाहिली ती फिल्म वेगळी, दीड वर्षं जुनी. काम काय ते फक्त तिसऱ्यांनी विचारलं. बेडका कोणीच मागितला नाही.

फिल्मवाचक: मग ती जुनी फिल्म शोधा, दोन्ही शेजारी लावून वाचता येतील. काम सोडल्यावरही सिलिकोसिस वाढू शकतो. आणि उद्याच सरकारी दवाखान्यात बेडका द्या.

वणीकडचा: सापडली, धान्याच्या कोठीमागं होती. एक कोपरा ओला झालाय. सकाळच्या एसटीनं नेतो.

गिट्टीखदान: सकाळी चूळ भरून खोल खोकून निघालेला बेडका घ्या, नुसती थुंकी नको.