ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबला, पण मॉसफेट जळाला: डीबगर जोडताना काय काळजी घ्यावी?

शिरोलीकर:
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीसाठी मी वाळू सोडणाऱ्या फीडरच्या २४ व्होल्ट डीसी मोटरचा कंट्रोलर तयार करत आहे. त्यात एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप असून मी एसडब्ल्यूडी डीबगर (लॅपटॉपवरून चिपमधला प्रोग्रॅम थांबवून तपासायचे साधन) वापरतो. करंट मर्यादेबाहेर गेला की पीडब्ल्यूएम (मोटर चालवणारे, झपाट्याने चालू-बंद होणारे पल्स) बंद करणारा जो इंटरप्ट (मुख्य काम अडवून लगेच चालणारा प्रोग्रॅमचा भाग) आहे, त्याच्या पहिल्याच ओळीवर मी ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्याची खूण) लावला आणि फीडर मुद्दाम अडवून मोटर सुरू केली. प्रोग्रॅम बरोबर त्या ओळीवर थांबला, पण काही क्षणांतच मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या मॉसफेटमधून धूर निघाला. शिवाय ब्रेकपॉइंटनंतर पुढे चालवायला गेलो की बोर्ड दर वेळी रीसेट होतो. दोष डीबगरचा आहे की माझ्या पद्धतीचा?

उद्यमनगरकर:
डीबगर निर्दोष आहे. ब्रेकपॉइंटवर फक्त कोअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम चालवणारा भाग, थांबतो. टायमर शेवटच्या ड्यूटीवर (पल्स चालू राहण्याच्या प्रमाणावर) पीडब्ल्यूएम देत राहतो आणि तो बंद करणारी ओळ तर आपणच अडवून ठेवली होती. डीबग रजिस्टरमधला (डीबगिंगच्या सेटिंगची चिपमधली जागा) टायमर थांबवण्याचा बिट लावला तरी या चिपमध्ये निर्धास्त राहू नका, कारण काउंटर गोठतो तेव्हा पिन हाय असेल तर ती हायच राहू शकते. म्हणून करंटचे संरक्षण प्रोग्रॅमवर सोडू नये. कंपॅरेटरचे (करंट मर्यादेबाहेर गेला की इशारा देणाऱ्या सर्किटचे) आउटपुट टायमर १ च्या ब्रेक पिनला, म्हणजे पीबी१२ ला द्यावे, म्हणजे कोअर थांबलेला असतानाही आउटपुट बंद होईल. तोवर मोटरच्या सप्लायमध्ये ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लावा. करंट वाढला की बल्ब पेटतो आणि मॉसफेट वाचतो.

रीसेटचे कारण वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅमने वेळेवर हजेरी दिली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, आहे. तो स्वतःच्या वेगळ्या घड्याळावर चालत असल्यामुळे कोअर थांबला तरी मोजत राहतो. त्याला थांबवणारा बिट त्याच डीबग रजिस्टरमध्ये आहे.

पॅनेलवाला, गोकुळ शिरगाव:
एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बोर्डाचा सप्लाय मेन्सपासून आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळा) आहे याची खात्री झाल्याशिवाय डीबगर जोडू नका. तसा नसेल, तर बोर्डाचा ग्राउंड डीबगरमधून थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला मिळतो. मग पोर्ट जळणे तर सोडाच, हाताला शॉक बसण्याचा धोका असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवल्याने तो धोका टळत नाही. यूएसबी आयसोलेटर घ्याच. डीबगरच्या व्हीटीरेफ पिनची तार बोर्डाचे व्होल्टेज ओळखण्यासाठी असते, बोर्डाला सप्लाय देण्यासाठी नव्हे; मात्र काही स्वस्त डीबगरमध्ये त्या जागी ३.३ व्होल्ट बाहेर येतात, म्हणून जोडण्यापूर्वी मीटर लावून पाहावे.

शिरोलीकर:
आपले दोघांचे मनापासून आभार. बल्ब लावून तीच चाचणी पुन्हा केली; बल्ब लख्ख पेटला आणि मॉसफेट थंड राहिला. वॉचडॉगचा बिट लावल्यावर रीसेटही थांबले. आता एकच शंका उरली आहे: डीबगरच्या सॉफ्टवेअरमध्ये यूएआरटीची (सिरीयल पोर्टची) रजिस्टर विंडो उघडी असताना आलेले बाइट प्रोग्रॅमला मिळत नाहीत.

उद्यमनगरकर:
ती विंडो डेटा रजिस्टर वाचते आणि ते वाचले गेले की बाइट आल्याची खूण पुसली जाते. म्हणजे आपल्या प्रोग्रॅमच्या आधी डीबगरच तो बाइट उचलतो. विंडो बंद ठेवा आणि बाइट रॅममधल्या बफरमध्ये पाहा.