मदत हवी आहे: देसूर स्टेशनच्या देखाव्यात इंजिन सांध्यावर अडकतंय, गणपतीच्या आत सुटायला पाहिजे

अनगोळचा_गार्ड
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. यंदा घरच्या गणपतीच्या आराशीला खेळण्यातली रेल्वे घेऊन जुन्या काळातलं बेळगावजवळचं देसूर स्टेशन करालोय. फलाट झाला, कौलारू इमारत झाली, पाण्याची टाकी झाली, रुळाला खडी पण टाकून झाली. आता इंजिन सांध्यावर, म्हणजे एका लाइनीच्या दोन लाइनी फुटतात तिथं, येऊन उभंच राहतंय. बोटानं जरा ढकललं की पुढं जातंय. खडी टाकायच्या आधी व्यवस्थित पळत होतं. ट्रान्सफॉर्मर बदलून बघितला, काय उपयोग नाही. पाव्हण्यारावळ्यांना सगळ्यांना सांगून झालंय, तेव्हा जरा लवकर सांगा. आणि डब्यांना रंग कुठला द्यायचा तेही सांगा.

टिळकवाडीकर
स्केल कुठलं? रूळ किती मिलिमीटरचा? साधं डीसी की डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोलचं? एकच इंजिन अडतंय की सगळी? खडी कशानं चिकटवली? फोटो टाका.

अनगोळचा_गार्ड
फोटो चढेना झालाय. साधा सेट आहे वो, दुकानात मिळतो तसला. गोल रूळ, मध्ये एक सांधा, बाजूला मालधक्क्याची लाइन.

सांधेवाला_निवृत्त
बाळा, माझी नोकरी लोंढा-मिरज पट्ट्यातच गेली, तीसुद्धा मीटरगेजवर, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळावर. सांध्यात खडा अडकला की टंग रेल, म्हणजे सांध्याचं हलणारं पातं, पूर्ण बसत नाही. टंग बसली नाही की कुलूप लागत नाही आणि कुलूप लागलं नाही की सिग्नलचा लिव्हर कितीही ओढ, हलत नाही. पावसाळ्यात गुंजी-लोंढ्याकडं रात्री कंदील घेऊन सांधे साफ करायचो, जळवा पायाला लागलेल्या असायच्या. तुझ्या देखाव्यात टोकन, म्हणजे गाडीला पुढं जायची परवानगी, दाखवलंयस का? नीलच्या यंत्रातला लोखंडी गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि फायरमन धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडं उचलणार. ते नसेल तर स्टेशन अपुरं. सिग्नल हाताचेच पाहिजेत, हात खाली पडला की लाइन मोकळी. रंगीत दिव्यांचे लावलेस तर मी बघायलासुद्धा येणार नाही.

अनगोळचा_गार्ड
काका, टोकन करू नंतर. इंजिनाचं काय?

लोंढा_जंक्शन
आधी एक सांगा, जुना काळ म्हणजे नेमका कुठला? सदर्न मराठा रेल्वेचा, की १९०८ ला मद्रास रेल्वेबरोबर एक झाल्यानंतरचा, की १९५१ नंतर सदर्न रेल्वे झाली तेव्हाचा, की १९६६ नंतरचा साउथ सेंट्रलचा? साल ठरल्याशिवाय डब्यांचा रंग विचारण्यात अर्थ नाही. साठच्या दशकातलं असेल तर गेरूकडं झुकणारा लालसर तपकिरी द्या आणि वर काजळी मारा, चकचकीत ठेवू नका. इंजिन काळं. वायपी ही ४-६-२ चाकांची पॅसेंजरची आणि वायजी ही २-८-२ ची मालगाडीची, हे दोन्ही वर्ग १९४९ पासूनचे. म्हणजे चाळीसच्या दशकातलं देसूर करणार असाल तर वायपी चालणार नाही.

आणखी एक. लोक हौसेनं पन्नाशीच्या दशकात गोव्याची गाडी दाखवतात. १९५५ च्या नाकेबंदीपासून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसलरॉकच्या पलीकडं गाडी जात नव्हती. तेवढ्या वर्षांतलं दृश्य असेल तर डब्यावर वास्कोची पाटी लावू नका.

वडगावचा_पैलवान
१ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं करा, म्हणजे मुंबई राज्य. स्टेशनच्या पाटीवर मराठी ठसठशीत पाहिजे. नंतरचं कशाला करायचं?

लोंढा_जंक्शन
इमारत तीच, रूळ तेच, पाऊस तोच. राज्य मुंबई असो की म्हैसूर, गाडी मिरजेहूनच येणार. पाटी जुना फोटो बघून लिहावी, मनानं लिहू नये.

वडगावचा_पैलवान
फोटो बघून इतिहास ठरवता का? आमच्या आजोबांनी...

संचालक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो चालू आहे. पुढचे तीन प्रतिसाद तिकडं हलवलेत. इथं सांधा.

मोजपट्टी
साल बाजूला ठेवा, मूळ घोळ मापात आहे. बाजारातल्या साध्या सेटचा रूळ १६.५ मिमीचा असतो आणि तो १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला, युरोपच्या १४३५ मिमी गेजचा होतो. आपलं मीटरगेज १:८७ ला साडेअकरा मिमी भरतं. म्हणजे तुमचं देसूर आहे त्यापेक्षा दीडपट रुंद रुळावर बसलंय. आता रूळ टाकून देऊ नका. इमारती, माणसं, बैलगाड्या १:६४ ला करा. तिथं १००० मिमी म्हणजे १५.६, आणि १६.५ च्या रुळावर ते सहज खपतं. न्यूझीलंड, क्वीन्सलंडकडचे लोक त्यांच्या साडेतीन फुटी गेजसाठी हेच करतात. पोरांच्या खेळण्यातल्या लोखंडी मोटारी साधारण याच मापाच्या असतात, म्हणजे स्टेशनबाहेरची टेम्पो-ट्रक मंडळी फुकटात झाली. साडेपाच फुटी माणूस २६ मिमीचा करा.

लोंढा_जंक्शन
आणि डबा? चौसष्ट फुटी मीटरगेज डबा १:६४ ला बरोबर फूटभर लांब होतो. सेटबरोबर येणाऱ्या गोल रुळाची त्रिज्या छत्तीस-सदतीस सेंटिमीटर. वळणावर डब्याची मधली बाजू आत जाऊन फलाट खरवडणार आणि टोकं बाहेर लोंबणार. मीटरगेज करायचं तर सरळ १२ मिमीचा रूळ मागवा, स्विस मीटरगेजवाल्यांसाठी १:८७ मध्ये तयार मिळतो.

मोजपट्टी
मागवा म्हणणं सोपं आहे. गणपती झाल्यावर येईल तो रूळ. चारचाकी मालडबे चालवा की, मालडबा जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटरचा होतो आणि कुठल्याही वळणावर फिरतो. उगारच्या साखरेची पोती दाखवा, खानापूरची कौलं दाखवा. देसूरसारख्या ठिकाणी पॅसेंजर दोन मिनिटं थांबते, मालडबा दिवसभर उभा असतो. खरं तर स्टेशन त्यानंच जिवंत वाटतं.

अनगोळचा_गार्ड
अहो, मापाचं कुणी विचारलं? इमारत करून रंगवून झालीय. इंजिन सांध्यावर थांबतंय, एवढंच सांगा.

सोल्डर_अक्का
मी सांगते, पण तुम्ही टिळकवाडीकरांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. निदान एवढं सांगा:
खडी कशानं चिकटवली?
सांध्यात दोन रूळ एकमेकांना जिथं छेदतात तो तुकडा काळ्या प्लॅस्टिकचा आहे की धातूचा?
दुसरं इंजिन असेल तर तेही अडतंय का?

अनगोळचा_गार्ड
फेव्हिकॉल, पाणी घालून, ड्रॉपरनं. तुकडा काळा आहे. मोठं डिझेल आहे पोराचं, ते जातंय. छोटं टाकीवालं वाफेचं थांबतंय.

टिळकवाडीकर
मोठं जातंय, छोटं थांबतंय! हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं.

लोंढा_जंक्शन
डिझेल? मग साल १९६१ च्या पुढचं धरावं लागणार, मीटरगेजचं वायडीएम-४ डिझेल त्याच्या आधी नव्हतं.

सोल्डर_अक्का
साल राहू दे हो.

गार्ड, ऐका. सांध्यातली हलणारी पाती नुसती दिशा बदलत नाहीत, वीजही तीच पुढं नेतात. पातं शेजारच्या रुळाला टेकलं की पुढच्या तुकड्यात करंट येतो. पातळ फेव्हिकॉल पाण्यासारखा फटीत ओढला जातो, पात्याच्या टोकाला त्याचा पापुद्रा बसतो. डोळ्याला दिसत नाही, पातं टेकल्यासारखं वाटतं, पण वीज जात नाही. मोठ्या डिझेलची चाकं लांब अंतरावर आहेत, त्यातली काही मेल्या तुकड्याबाहेर राहतात आणि तेवढ्यावर ते निघून जातं. तुमचं टाकीवालं आखूड आहे, त्याची सगळी चाकं एकदम मेल्या भागात येतात. वर तो काळा प्लॅस्टिकचा तुकडा तर मुळातच मेलेला असतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. ट्रान्सफॉर्मर बंद करा, मल्टिमीटर शिट्टीवर लावा. एक टोक बाहेरच्या अखंड रुळावर, दुसरं त्याला टेकलेल्या पात्याच्या पुढच्या रुळावर. शिट्टी वाजली तर पातं बरं आहे, मग चाकं पुसा. नाही वाजली तर दोष पात्यातच. सांधा पलटून दुसऱ्या बाजूचंही बघा.

सांधेवाला_निवृत्त
पात्याला तेल लाव. आम्ही लावायचो.

सोल्डर_अक्का
काका, तुमच्या सांध्यातून इंजिनाला वीज जात नव्हती, कोळशावर चालायचं ते. इथं तेल लावलं की त्याला धूळ चिकटणार आणि आणखी तिसरीच भानगड होणार.

वाकडी_तार
एवढं कशाला? पात्यापासून बाजूच्या रुळापर्यंत बारीक तार सोल्डर करून टाका, कायमची कटकट गेली. मी सगळ्या सांध्यांना तेच केलंय.

सोल्डर_अक्का
प्लॅस्टिकच्या तुकड्याचा सांधा असेल तरच. धातूचा असता आणि असं केलं असतं तर सांधा पलटला की शॉर्ट. म्हणून मी रंग विचारला. यांचा काळा आहे, तेव्हा चालेल, पण एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही. तार जोडली की मालधक्क्याची लाइन कायम जिवंत राहणार. आत्ता सांधा मुख्य लाइनला लावला की तिकडची वीज आपोआप तुटते. तार जोडल्यावर तिकडं उभं केलेलं दुसरं इंजिनही एकदम पळायला लागेल आणि बफर फोडून गणपतीच्या पाटाखाली जाईल. त्या लाइनच्या एका रुळाला चीर पाडून साधा बटणाचा स्विच टाका, मग तार जोडा. आणि तार पात्याला नको, पात्यामागच्या स्थिर रुळाला जोडा. पात्याला जोडली की हलून हलून तुटते.

वाकडी_तार
आमची नाही तुटली अजून.

खानापुरी
खडी कसली वापरलीय? रंगावरनं कळतं बऱ्याचदा.

अनगोळचा_गार्ड
रुळात काळी चाळलेली. कडेला लाल माती, गावाकडनं आणलेली, जांभ्याची. एकदम खरी दिसते.

खानापुरी
दिसणारच, खरीच आहे ती. पण जांभ्यात लोह असतं. मातीवरनं कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटून येतील. हे कण इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक उचलतं, मग गिअरात, ब्रशात. आज सांधा सुटेल, उद्या इंजिन घरघरायला लागेल. माझं तसंच झालं होतं, इंजिन उघडलं तर आत तांबडी पावडर. माती टाकायच्या आधी चुंबक फिरवायचं, आता टाकून झाली असेल तर वरनं फिरवा आणि रुळाच्या आतल्या बाजूला लाल माती अजिबात ठेवू नका. तिथं काळीच खडी शोभते. खरी खडी साधारण ५० मिमीची, १:६४ च्या मापाला ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास येते, चहाच्या गाळणीतनं पडेल तेवढीच घ्या. मोठी टाकली की रूळ नदीपात्रात घातल्यासारखा दिसतो.

प्रवासी_पाखरू
पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. ते बघून या, सगळी उत्तरं मिळतील. हुबळीलाही रेल्वे म्युझियम झालंय २०२० ला, आमची मुलं तिथं दिवसभर रमली. येताना धारवाडचा पेढा घ्या.

टिळकवाडीकर
बेळगावच्या माणसाला पेढा सांगता? कुंदा संपला का?

अनगोळचा_गार्ड
मीटर लावला. मुख्य लाइनच्या बाजूचं पातं वाजतंय, मालधक्क्याच्या बाजूचं नाही. फेव्हिकॉल वाळून दगड झालाय. काढू कसा? ब्लेडनं?

सोल्डर_अक्का
ब्लेड शेवटी. आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून कापसानं पात्याच्या टोकाला लावा आणि तासभर सोडून द्या, फेव्हिकॉल पांढरा होऊन मऊ पडतो. मग जुन्या व्हिजिटिंग कार्डाची कड पातं आणि रुळाच्या फटीत घालून मागं-पुढं ओढा. सांधा चार-पाच वेळा पलटत राहा, घाण वर येते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. सॅंडपेपर लावू नका, त्याच्या चरात पुन्हा घाण साठते. पात्याला जोडलेली आडवी पट्टी असते, तिच्याखालचा खडा सुद्धा काढा. काकांचा खडा तिथंच सापडेल.

पुढच्या वेळी सांध्याच्या पात्यापासून दोन बोटं जागा कोरडी सोडायची. तिथं खडी चिकटवायची नाही, स्लीपरमधली जागा नुसती काळी रंगवायची.

सांधेवाला_निवृत्त
खडा होताच म्हणा की.

मोजपट्टी
आराशीची जागा कुठं आहे? माळ्यावर पत्र्याखाली असेल तर दुपारी रूळ तापून ताणतात, पावसात प्लायवूड फुगतं. रुळांच्या जोडांत बारीक फट ठेवलीय ना?

अनगोळचा_गार्ड
हॉलमध्ये आहे. खिडकीजवळ.

गेलं! टाकीवालं दोन्ही बाजूंनी सुटलं, अगदी हळू सोडलं तरी. मालधक्क्याकडनं येताना काळ्या तुकड्यावर क्षणभर लुकलुकतंय, पण थांबत नाही. अक्का, लई उपकार झाले.

सोल्डर_अक्का
चाकं पुसा, लुकलुकणंही कमी होईल. अल्कोहोल लावलेला कापड रुळावर धरायचा, इंजिन अर्धं त्यावर चढवायचं आणि चाकं फिरू द्यायची. आरतीच्या वेळी धूप-कापूर रुळापासून लांब ठेवा. धुराचा तेलकट थर रुळावर बसला की पुन्हा इथं धागा काढाल.

लोंढा_जंक्शन
साल कुठलं ठरलं शेवटी?

अनगोळचा_गार्ड
१९६५ धरा. डिझेल पण चालतं, वाफेचं पण चालतं. आता इंजिनातनं खराखुरा धूर काढायचाय, उदबत्ती आत बसेल का?

संचालक
नवीन धागा काढा. आणि त्यात इंजिनाची लांबी पहिल्या ओळीत लिहा.