"लाखो लोक वापरतात, बिनधास्त टाका" म्हणे!

खडूस
निवांत यांनी परवा उपयुक्त एक्स्टेन्शनांची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची) यादी टाकली. यादीला हरकत नाही. खटकलं ते शेवटचं वाक्य: "सगळी क्रोमच्या स्टोअरमधलीच आहेत, लाखो लोक वापरतात, बिनधास्त टाका."

अहो, लाखो लोक वापरतात म्हणूनच तर गिऱ्हाईक लागतं! द ग्रेट सस्पेंडर आठवतंय? टॅब झोपवणारं, ओपन सोर्स, २० लाखांवर वापरकर्ते. २०२० मध्ये मूळ लेखकाने विकलं. घेणारा कोण, ते धड कळलंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी जुन्या मालकाला दिलेली, अपडेट आपोआप येणार. नव्या मालकाला तुमचं तोंड बघायचीही गरज नाही.

निवांत
माझ्या नावाने धागा? बढतीच म्हणायची. पण उदाहरण कधीचं देताय! इतकी वर्षं वापरतोय, एक पैसा गेलेला नाही. स्टोअर तपासणी करतं. उद्या म्हणाल ब्राउझरच नको, तारा पाठवा.

अर्धविराम
नवं हवं? सायबरहेवन, डिसेंबर २०२४, ऐन नाताळात. कंपनीचा धंदाच मुळी डेटा सांभाळण्याचा. कर्मचाऱ्याला मेल आला, स्टोअरकडून आल्यासारखा: तुमचं एक्स्टेन्शन नियम मोडतंय, काढून टाकू. त्याने गूगलच्या खऱ्याखुऱ्या पानावर भलत्याच ॲपला परवानगी दिली. टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू असून उपयोग झाला नाही. बिघडवलेली आवृत्ती तुमच्या त्या स्टोअरच्या तपासणीतून पास झाली. वापरकर्ते सुमारे ४ लाख. डोळा होता फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर.

कोपऱ्यातली
जाहिरात खात्यावरून सांगते. ताईच्या व्यवसायाच्या पानावरून कुणीतरी भलत्याच जाहिराती चालवल्या, पैसे तिच्या कार्डातून. ओटीपी आला नाही, कारण चोरली होती कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण. आम्ही पासवर्ड बदलत बसलो, म्हणजे चोर आत आणि आम्ही बाहेरून कुलूप बदलतोय. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं आणि व्हिडिओ उतरवायचं एक एक्स्टेन्शन उडवलं, तेव्हा थांबलं.

निवांत
वाईट झालं. पण व्हिडिओ उतरवणारं कुठलंही उचललं तर दुसरं काय होणार?

कोपऱ्यातली
स्टोअरमधलंच होतं. लाखो लोक वापरत होते. वाक्य ओळखीचं वाटतंय का?

जाहिरातद्वेष्टा
मूळ चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे इथे. सुरक्षेचं नाव पुढे करून गूगलने मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेन्शनांची नवी नियमावली आणली आणि क्रोममधून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन घालवलं. एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरात लोकांना सांगितलं होतं, शोधताना जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन वापरा, कारण जाहिरातींतून बनावट साइट्स पसरतात. आणि सगळ्यात कामाचं तेच बंद!

अर्धविराम
अर्धंच सांगताय. व्ही३ मध्ये बाहेरून कोड ओढून चालवायला बंदी आली, ती चांगलीच गोष्ट आहे.

जाहिरातद्वेष्टा
हो का? मग पानाने बाहेर पाठवलेली विनंती *रोखायची* सोय काढली आणि *बघायची* का ठेवली? हेरगिरीला मोकळं रान, फक्त जाहिरात अडवायची नाही. तुम्ही त्या कंपनीत नोकरीला आहात का?

अर्धविराम
नाही. आणि असतो तरी तुमच्याशी इतकं सौम्य बोललो नसतो. यूब्लॉकची व्ही३ वर चालणारी लाइट आवृत्ती आहे, वापरा.

जाहिरातद्वेष्टा
लाइट तुम्हालाच लखलाभ. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं.

खडूस
फायरफॉक्सच्या कीर्तनाला वेगळा धागा काढा हो!

जाहिरातद्वेष्टा
नाही काढत. विषय तोच आहे.

जुनाजाणता
एवढा ऊहापोह कशाला? नावाजलेला अँटिव्हायरस घ्या, सोबत त्यांचं एक्स्टेन्शन येतं, ते सगळं बघून घेतं.

खडूस
सगळं *बघून घेतं* हे मात्र खरं. अवास्टने एक्स्टेन्शन आणि अँटिव्हायरसमधून लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा केली आणि जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर भरायला सांगितले. राखणदाराचीच ही तऱ्हा.

जुनाजाणता
मी अवास्टचं नाव घेतलं नव्हतं.

निवांत
बरं बाबांनो, जिंकलात. कूपन शोधणारं आणि पानांचे रंग बदलणारं काढलं. उरलेल्यांचा साइट ॲक्सेस 'क्लिक केल्यावर' केला. बँकेला वेगळं प्रोफाइल, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. आता शब्दकोश दर वेळी बटण दाबल्याशिवाय हलत नाही. आनंद झाला?

खडूस
खूप. शब्दकोशाला तुमचं मेल कशाला वाचायचं होतं, हे तेवढं सांगा.

निवांत
ते त्यालाच विचारा. आणि पासवर्ड मॅनेजरचा मालक कधी बदलतो यावर पाळत कोणी ठेवायची? मी?

अर्धविराम
त्याला 'अंडर न्यू मॅनेजमेंट' आहे. टाकलेल्या एक्स्टेन्शनांच्या विकसकाचा तपशील बदलला की खूण दाखवतं.

निवांत
आणि ते स्वतः काय आहे?

अर्धविराम
एक्स्टेन्शन.

निवांत
वापरकर्ते किती? लाखो असतील तर यादीत टाकतो.